तिंतोरेत्तोचं नवं व्यक्तिचित्र: गडद अस्तर, पांढरी दाढी आणि खान्देशातला उन्हाळा

चित्रवर्ग_अमळनेर

राम राम मंडळी. शाळेच्या चित्रकला दालनासाठी सोळाव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार याकोपो तिंतोरेत्तो याचं तैलचित्र करायचं आहे. जुन्या चित्राची नक्कल नको. आजच्या हाताने, आजच्या रंगांत केलेलं नवं व्यक्तिचित्र हवं, पण माणूस ओळखू यायला हवा. कॅनव्हास २४ बाय ३० इंच, उभा. वय साधारण सत्तरीचं, छातीपर्यंत, मागे अंधार. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं आठ ते बारा फुटांवरून पाहणार, म्हणजे तेवढ्या अंतरावरून चेहरा बोलला पाहिजे.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. चेहऱ्यासाठी आधार कोणता घ्यावा? गडद अस्तरावर (चित्राखाली आधी दिलेल्या रंगाच्या थरावर) काम करायचं तर अस्तर किती गडद ठेवावं? (१२ बाय १५ च्या चाचणी तुकड्यावर बर्न्ट अंबर आणि आयव्हरी ब्लॅक वाळल्यावर काही जागी चकाकी आहे, काही जागी खडूसारखं कोरडं दिसतंय.) पांढरी दाढी अंधारावर कापूस चिकटवल्यासारखी न दिसण्यासाठी काय करावं? आणि काम एप्रिल-मेमध्ये होणार, खोलीत दुपारी ४२-४३ अंश असतात, कूलर चालू असतो. त्याने रंगाला काय होतं?

रंगपेटी_धुळे

आधाराचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

तिंतोरेत्तोची स्वतः काढलेली दोन वयांतली तोंडं उपलब्ध आहेत. तरुणपणचं फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे, साधारण १५४६ ते १५४८ मधलं. मान वळवून खांद्यावरून आपल्याकडे बघतो, दाढी काळसर तपकिरी, नजर आव्हान दिल्यासारखी. म्हातारपणचं पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, १५८८ च्या सुमाराचं, सुमारे ६३ बाय ५२ सेंटिमीटर. तुम्हाला सत्तरीचा हवा, म्हणजे आधार लूव्रचाच. पण तरुणपणचं चित्रही शेजारी टाचून ठेवा. कवटीची ठेवण, भुवयांच्या हाडाचा उंचवटा आणि डोळ्यांमधलं अंतर म्हातारपणीही बदलत नाही. दोन्ही चित्रांत जे सारखं आहे तेवढं पक्कं धरायचं आणि बाकीचं तुमच्या मॉडेलवरून घ्यायचं. नवं चित्र आणि नक्कल यांतला फरक इथेच पडतो.

लूव्रच्या चित्रात चेहरा अगदी समोरून आहे. समोरून चेहरा रंगवणं सगळ्यात अवघड, कारण नाकाचा उठाव दाखवायला बाजूची रेषा मिळत नाही. त्याने तो उठाव डोळ्यांच्या खोबण्या खोल अंधाऱ्या ठेवून आणि कपाळ, नाकाची दांडी उजेडात ठेवून मिळवला. माझं मत असं की नव्या चित्रात डोकं दहा-पंधरा अंश वळवावं. ओळख जात नाही आणि एक गाल सावलीत गेल्याने घडण सोपी होते. फ्रेंच चित्रकार एदुआर मानेने १८५४ च्या सुमारास याच चित्राची नक्कल केली होती, ती दिजोंच्या संग्रहालयात आहे. तीही डाउनलोड करून बघा. पावणेतीनशे वर्षांनंतरच्या चित्रकाराने काय ठेवलं आणि काय सोडलं हे शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

मापाचं: ६३ बाय ५२ चं प्रमाण १.२१ येतं, तुमच्या कॅनव्हासचं १.२५. २४ इंच रुंदी जुळवली तर उंची २९ इंच भरते, एक इंच उरतो. तो खाली द्या, वर नको, नाहीतर डोकं बुडाल्यासारखं दिसेल. डोक्याची उंची आठ इंच ठेवा, खऱ्यापेक्षा किंचित कमी. डोक्याचा माथा वरच्या कडेपासून सहा इंचांवर, डोळ्यांची रेषा दहाच्या आसपास, हनुवटी चौदावर, दाढीचं टोक सतरापर्यंत. खऱ्या मापापेक्षा मोठा चेहरा दालनात बॅनरसारखा वाटतो.

एक इशारा. इंटरनेटवरची लूव्रच्या चित्राची छायाचित्रं एकमेकांशी जुळत नाहीत. एकात तांबूस, एकात हिरवट. संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावरचं घ्या, आणि त्यावरूनही फक्त उजेड-अंधार घ्या, रंग घेऊ नका. मूळ चित्राला चारशे वर्षांची तेलाची पिवळट झाक आहे. तिंतोरेत्तोच्या काळी व्हेनिसमध्ये स्माल्ट नावाचा कोबाल्टच्या काचेचा निळा सर्रास वापरत, तो तेलात करडा पडतो. तांब्यापासून केलेले हिरवे तपकिरी होतात, लाखेसारखे पारदर्शक लाल उडतात. म्हणजे आज ज्याला आपण तिंतोरेत्तोचा तपकिरी रंग म्हणतो, त्यातला बराचसा काळाने दिलेला आहे. नव्या चित्रात तो मुद्दाम आणायची गरज नाही.

तापीकाठ_भुसावळ

धुळेकर भाऊंनी आधाराचं नेमकं सांगितलं. अस्तर आणि दाढीचं मी घेतो, थोडं लांबेल.

व्हेनिसचे चित्रकार पांढऱ्या अस्तरावरही काम करत, पण तिंतोरेत्तोच्या बऱ्याच चित्रांत अस्तर तपकिरी-काळं आहे. काही चित्रांच्या अस्तरात पॅलेटवरून खरवडलेले उरलेसुरले रंग मिसळलेले सापडले आहेत. व्हेनिसमधल्या सान रोक्कोच्या सभागृहासाठी त्याने १५६४ ते १५८८ असं काम केलं. एकटं क्रूसारोहणाचं चित्र, १५६५ चं, बारा मीटरहून रुंद आहे. एवढ्या भिंती पांढऱ्यापासून गडदाकडे रंगवत बसलं तर आयुष्य पुरत नाही. गडद अस्तर टाकलं की सावली आधीच तयार असते, फक्त उजेड रंगवायचा. तुमच्या चित्राचंही तंत्र हेच असावं. या माणसाचं चित्र पांढऱ्या कॅनव्हासवर पेन्सिलीने चौकटी आखून रंगवलं तर चेहरा त्याचा होईल, चित्र त्याच्या कुळातलं होणार नाही.

किती गडद? पांढऱ्याला शून्य आणि काळ्याला दहा धरलं (पुढे या मापाला टोन म्हणतो) तर साडेसहा-सात. त्यापुढे जाऊ नका. तेलाचा रंग वर्षागणिक थोडा पारदर्शक होत जातो आणि खालचं अस्तर वर डोकावू लागतं. दहाचं काळं अस्तर आणि त्यावर पातळ उजेड असं केलं तर काही दशकांत गालाच्या मधल्या छटा अंधारात बुडतात. उपाय सरळ आहे: अस्तर मध्यम गडद, आणि उजेडाच्या जागी रंग जाड.

जेसोचे (कॅनव्हासवर आधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचे) तीन हात द्या. पहिल्या हातात दहा-पंधरा टक्के पाणी, पुढचे दोन जवळजवळ घट्ट. प्रत्येक हात आडवा-उभा बदलून, मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. त्यावर ॲक्रिलिकमध्ये बर्न्ट अंबर तीन भाग, अल्ट्रामरीन एक, यलो ओकर एक असं मिश्रण रुंद ब्रशने. अगदी सपाट करू नका, ब्रशचे फटकारे थोडे दिसू द्या. तीन दिवस वाळू द्या, मग त्यावर तैलरंग. उलट कधीच नाही: तेलावर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्रा सुटतो.

आता तुमच्या चाचणी तुकड्याचं. चकाकी जाऊन खडूसारखं होणं म्हणजे रंगातलं तेल खाली शोषलं गेलं. तीन कारणं एकत्र येतात. ॲक्रिलिक जेसो तेल ओढतो. अंबर आणि काळा यांना तेलाची गरज वेगवेगळी असल्याने मिश्रण कमी-जास्त जाडीचं झालं की डाग पडतात. आणि रंग पातळ करायला नुसतं टर्पेंटाइन जास्त पडलं की चिकटून राहायला तेलच उरत नाही. अस्तराच्या टोनवर पातळ ॲक्रिलिक मॅट मीडियमचा एक हात दिला तर शोषण बरंच कमी होतं. जिथे डाग पडलेच आहेत तिथे पूर्ण वाळल्यावर जवसाचं शुद्ध तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन सुती कापडाने अगदी पातळ चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून टाका. बोट फिरवल्यावर ओलं लागता कामा नये. हा उपाय प्रत्येक थराआधी एकदा, आणि जिथे पुढे रंग येणार आहे तिथेच. वारंवार केला तर तेलाची कातडी पिवळी पडते.

आयव्हरी ब्लॅक पार्श्वभूमीला खालच्या थरात वापरू नका. तो फार हळू वाळतो आणि त्यावर लवकर वाळणारा रंग आला की वरचा थर तडकतो. अंबर उलट आहे, त्यात मँगनीज असल्याने भराभर वाळतो, म्हणून खालच्या थराला तोच बरा. काळोख हवा असेल तर बर्न्ट अंबर दोन भाग, अल्ट्रामरीन एक, अलिझरीन क्रिमझन चिमूटभर. ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा हा अंधार खोल दिसतो, कारण उजेड आत शिरून परत येतो. शेवटच्या दोन-चार जागांना, म्हणजे नाकपुडी, झग्याची आतली घडी, तिथे आयव्हरी ब्लॅक चालेल.

रंगकाम असं लावा. रेखाटन ब्रशनेच, पांढऱ्यात थोडा ओकर मिसळून, टर्पेंटाइनने पातळ. गडद अस्तरावर पेन्सिल दिसत नाही आणि खडू रंगात मिसळतो. मग आठ आणि दहा नंबरच्या फ्लॅट डुकराच्या केसांच्या ब्रशने उजेडाचे सपाट ठोकळे: टिटॅनियम व्हाइट, यलो ओकर, किंचित रॉ अंबर. सावलीला हात लावायचा नाही, अस्तर हीच सावली. या टप्प्यावर बारा फूट मागे जाऊन बघा. माणूस इथे ओळखू आला नाही तर पुढचे थर त्याला ओळख देणार नाहीत, आत्ताच पुसा आणि पुन्हा मांडा.

हा थर वाळला की त्वचा. मधली छटा पांढरा चार भाग, यलो ओकर दोन, व्हर्मिलियन ह्यू अर्धा, रॉ अंबर टोकाएवढा. म्हाताऱ्या त्वचेत कपाळ पिवळट, गालाचा वरचा भाग आणि नाक-कान तांबूस, दाढीच्या कडेला करडं. हे करडं मिळवायला निळा घालू नका. उजळ रंग कोरड्या ब्रशने गडद अस्तरावर इतका पातळ ओढा की खालचं दिसत राहील. गडदावर पातळ उजळ थर आला की डोळ्याला तो आपोआप निळसर-करडा दिसतो. व्हेनिसच्या चित्रांतली ती थंड मधली छटा अशी येते, आणि हाताने मिसळलेल्या करड्यात ती कधीच येत नाही.

त्यानंतर पारदर्शक थर, म्हणजे ग्लेझ. अलिझरीन आणि बर्न्ट सिएना अगदी थोडे, तेल एक भाग, टर्पेंटाइन एक भाग यात पातळ करून गालावर, पापण्यांच्या कडांवर, कानाच्या पाळीवर. हाताच्या तळव्याने थोपटून जादा उचला. प्रत्येक वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा थोडं जास्त हवं. हा नियम मोडला की वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर आकसतो आणि भेगा पडतात.

दाढी. कापसासारखी दिसते कारण ती पांढऱ्याने सुरू केलेली असते. दाढीच्या पूर्ण आकाराला आधी एकही केस न काढता तपकिरी-करडा गोळा रंगवा: रॉ अंबर, ओकर, थोडा पांढरा, टोन साधारण पाच. गळ्याकडची बाजू अस्तरात विरघळू द्या, तिथे कड असूच नये. तो अर्धवट ओला असताना चार-पाच मोठे झुपके ठरवा आणि झुपक्याच्या उजेडाकडच्या अंगाला टोन तीनचा रंग ओढा. वाळल्यावर, जुना झिजलेला फिलबर्ट (गोल टोकाचा चपटा ब्रश) घेऊन, त्यातला बहुतेक रंग कापडावर पुसून, कोरडा ओढा. सगळ्यात शेवटी उजेडाच्या ऐन जागी जाड पांढरा, त्यात ओकरचा थेंब, सात-आठ फटकारे. बस. संपूर्ण दाढीत शुद्ध उजेड एक-दशांशाहून जास्त नसावा. केस मोजता आले की चित्र फसलं.

डोळ्यांचंही तेच. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा नसतो. म्हाताऱ्या, खोल गेलेल्या डोळ्यात तो टोन पाच-सहाचा तपकिरी-करडा असतो. चमकेचा ठिपका एकच, वरच्या पापणीला टेकून, आणि दाढीतल्या उजेडापेक्षा बारीक.

कापूसवाट_चोपडा

उन्हाळ्याचं आणि सामानाचं.

कापड: मांजरपाट या मापाला पातळ पडतो, जेसो ओढून कोपऱ्यात सुरकुत्या आणतो. दहा ते बारा औंसचं कॉटन डक किंवा मध्यम लिनन घ्या. तिरक्या विणीचं कापड व्हेनिसमध्ये फार चाले. आपल्याकडे जाड पांढरं ड्रिल मिळतं त्यावर तशी वीण येते, पण त्यातली खळ जाईपर्यंत गरम पाण्यात दोनदा धुवा, नाहीतर जेसो नीट धरत नाही. चौकट सागाची, आतल्या कडेला उतार दिलेली, म्हणजे लाकडाची रेषा कॅनव्हासवर उमटत नाही. २४ बाय ३० ला मधली आडवी पट्टी लागत नाही.

चाळीसच्या वर ॲक्रिलिक अस्तर मऊ होतं आणि कॅनव्हास दुपारी सैल वाटतो. त्या वेळी चौकटीच्या कोपऱ्यांतल्या, कॅनव्हास ताणायच्या पाचरी ठोकू नका. डिसेंबरात कापड आणि रंग दोन्ही आकसतात, तेव्हा जादा ताणलेल्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. पाचरी सकाळी सातला तपासा.

उष्णतेने तैलरंग लवकर वाळतो हे अर्धंच खरं. पातळ थर वाळतो. जाड रंगावर मात्र वरून कातडी धरते आणि आत ओलं राहतं, मग सुरकुत्या पडतात. म्हणून दाढीतला जाड पांढरा एकाच बैठकीत दोन मिलिमीटरपेक्षा उंच नको. लवकर वाळावं म्हणून उन्हात ठेवू नका. पण भिंतीकडे तोंड करूनही ठेवू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. उत्तरेच्या खिडकीचा सावलीतला उजेड उत्तम.

कूलर. त्याच्या वाऱ्यात बाष्प तर असतंच, जुन्या कूलरमधून बारीक तुषारही येतात. समोर कॅनव्हास असला की ताण सैल-घट्ट होत राहतो आणि ओल्या ग्लेझवर धूळ बसते. कूलर मॉडेलकडे, ईझल त्याच्या आडवं. मेमधल्या वावटळीच्या वेळी खिडकी बंद. ग्लेझचा थर सकाळी द्या आणि वर पुठ्ठ्याचं खोकं तिरकं उभं करून झाका.

हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल नको. त्यात वाळवणारे क्षार असतात, लवकर वाळतं, पण गडद पिवळं होतं आणि ठिसूळही. चित्रकलेच्या सामानातलं रिफाइंड जवस तेल घ्या. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन बहुधा खनिज असतं. ब्रश धुवायला ठीक, पण डॅमर (वार्निशची राळ) त्यात पूर्ण विरघळत नाही, गढूळ राहतो.

आणि हे शाळेत आहे म्हणून ठळकपणे सांगतो. राळेपासूनचं टर्पेंटाइन साधारण ३५ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्या मेमध्ये खोली त्याहून गरम असते. झाकण लावलेली बरणी, एका वेळी वाटीभरच, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टोपलीत टाकली तर आपोआप तापून पेटतात. ती पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा बाहेर तारेवर एकेक पसरून वाळवा.

शिशाचा पांढरा तिंतोरेत्तो वापरायचा, तो सुंदर वाळतो आणि लवचीक राहतो, पण विषारी आहे. मुलांच्या दालनात नको. झिंक व्हाइटही टाळा, त्याची कातडी ठिसूळ होऊन तडकते. ट्यूब घेताना मागचं लेबल वाचा, स्वस्त टिटॅनियममध्ये कधी कधी झिंक मिसळलेला असतो.

चित्रवर्ग_अमळनेर

फार उपयोगी. तीन गोष्टी राहिल्या. हातात ब्रश आणि पॅलेट दाखवावं का, मुलांना चित्रकार आहे हे कळेल? पोशाख काय? आणि मॉडेलवर उजेड कसा लावावा, दालनात ट्यूबलाइट आहेत.

सातपुडा_नंदुरबार

सर, पोशाखाचं आणि उजेडाचं माझ्याकडून.

पोशाख साधा ठेवा: व्हेनिसच्या नागरिकाचा काळा, पायघोळ झगा, गळ्याशी पांढऱ्या सदऱ्याची बोटभर कड. मोठी झालरीची कॉलर नको, वाकडी मखमली टोपी नको. ती टोपी रेम्ब्रांटमुळे सगळ्याच जुन्या चित्रकारांच्या डोक्यावर चढवली जाते. घरात तिंतोरेत्तोचे वडील कापड रंगवणारे होते. झग्याच्या काळ्यात किंचित तांबूस झाक ठेवली तर पार्श्वभूमीच्या थंड अंधारापासून तो वेगळा दिसतो, नाहीतर डोकं हवेत तरंगतं. झग्याला बर्न्ट अंबर जास्त, पार्श्वभूमीला अल्ट्रामरीन जास्त, एवढा फरक पुरतो.

हात न दाखवलेला बरा. या मापात हात हनुवटीपासून कपाळाच्या मध्यापर्यंत एवढा मोठा येतो आणि चेहऱ्याशी भांडतो. दाखवायचाच असेल तर खालच्या कोपऱ्यात, अर्धा अंधारात, आणि वस्तू त्या काळच्या हव्यात. ब्रशला पत्र्याची कॉलर नको. चपटे, पत्र्याने आवळलेले ब्रश एकोणिसाव्या शतकातले, त्याआधी केस पिसाच्या नळीत बसवत किंवा दोऱ्याने बांधत. रंगाच्या ट्यूब तर मुळीच नकोत, त्या १८४१ नंतरच्या. शिंपले, मातीच्या वाट्या, छोटं पॅलेट चालेल.

चित्रकार आहे हे सांगायला माझ्या मते ब्रशपेक्षा चांगली वस्तू आहे: मेणाची छोटी आकृती. तिंतोरेत्तो मेणाचे पुतळे करून लाकडी खोक्यांत मांडायचा, बाजूला खिडकीएवढी भोकं पाडून आत दिवा लावायचा आणि सावल्या कशा पडतात ते बघून मोठ्या चित्राची रचना ठरवायचा. उडणाऱ्या आकृत्यांसाठी पुतळे दोऱ्याने टांगायचा. खांद्यामागे अंधारात, डावीकडे, चार इंचांची टांगलेली आकृती, टोन सहाचा उजेड. जवळ आल्यावरच दिसेल एवढीच. मुलांना हे चाळीसगावच्या केकी मूस यांच्या टेबलटॉप छायाचित्रांशी जोडून दाखवता येतं: टेबलावर लहान वस्तू मांडायच्या आणि उजेडाने त्यांचा विस्तीर्ण देखावा करायचा. खान्देशातल्या मुलांना व्हेनिस लांब आहे, चाळीसगाव एसटीच्या अंतरावर आहे.

मॉडेलवर उजेड एकच. ट्यूबलाइट बंद, खिडक्यांवर काळं कापड, नऊ वॅटचा पिवळा एलईडी बल्ब डोक्याच्या दीड-दोन फूट वर, बाजूला ४५ अंशांत, पाच फुटांवर. मागच्या भिंतीवर काळी चादर, मॉडेलपासून तीन फूट दूर. दुसऱ्या बाजूने उजेड परतू नये म्हणून तिथेही काळा कागद उभा करा, पांढरी भिंत सावलीचा सत्यानाश करते. कॅनव्हासवर मात्र वेगळा, पांढरा दिवा हवा. पिवळ्या उजेडात मिसळलेली त्वचा दिवसा निळसर, आजारी दिसते.

खोकं तर आधी बनवाच. बुटाच्या खोक्यात मेणाचं किंवा शाडूचं डोकं ठेवून मोबाइलच्या टॉर्चने भोकातून उजेड टाका. समोरून, तिरका, वरून, असे पाच-सहा प्रकार बघितले की डोकं किती वळवायचं ते आपोआप ठरतं.

तापीकाठ_भुसावळ

ताईंचं मेणाच्या आकृतीचं पटलं, फक्त ती चेहरा पूर्ण झाल्यावर घाला आणि चेहऱ्यापेक्षा एक टोन गडदच ठेवा. मागच्या आकृतीला कड तीक्ष्ण झाली की ती पुढे येते. काम झाल्यावर ओल्या कडांवरून मऊ कोरडा ब्रश एकदाच फिरवा.

धुळेकर भाऊंच्या दहा-पंधरा अंशांबद्दल थोडं वेगळं म्हणतो. वळवा, पण डोळे समोर ठेवा. लूव्रच्या चित्राचा सगळा जोर त्या सरळ नजरेत आहे. डोकं वळलं आणि नजरही वळली की तो कुठलाही म्हातारा होतो.

रंगपेटी_धुळे

नजरेचं मान्य. तसंच करावं.

वार्निश आणि भिंतीवर लावण्याबद्दल राहिलं. वार्निश पावसाळ्यात अजिबात नको, हवेतल्या ओलाव्याने त्यावर पांढुरकी साय येते आणि गडद चित्रावर ती सगळ्यात आधी दिसते. मेमध्ये संपलं तर जूनमध्ये दालनात तसंच लावा, नोव्हेंबरात तपासा: पांढऱ्या सुती बोळ्यावर दोन थेंब टर्पेंटाइन घेऊन कडेला हलकं फिरवा, रंग आला तर अजून महिना-दोन महिने थांबा. जाड दाढीला वेळ लागतो. वार्निश सॅटिन घ्या. ग्लॉसने काळोख खोल दिसतो खरा, पण ट्यूबलाइटखाली त्यात समोरची खिडकी आणि मुलांचीच तोंडं दिसतात.

पश्चिमेची भिंत टाळा, ती संध्याकाळपर्यंत तापते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना अर्ध्या इंचाचे बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागे हवा खेळते आणि पावसाळ्यातली भिंतीची ओल कॅनव्हासला लागत नाही. मागून पातळ प्लायचा तक्ता स्क्रूने बसवा, मुलांच्या हातातली पट्टी मागून लागली तरी भोक पडणार नाही. वरची कड भिंतीपासून सव्वा इंच पुढे झुकवली की दिव्याचं प्रतिबिंब खाली जातं.

नावही चित्रावरच लिहायचं असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यात, पूर्ण वाळलेल्या थरावर, लांब केसांच्या रिगर ब्रशने. अक्षर अर्धा इंच. रंग ओकर आणि रॉ अंबर, टोन चारच्या आसपास, पांढरा नको. देवनागरीत शिरोरेषा सलग ओढली तर अंधारात ती एकच उजळ पट्टी दिसते आणि नजर चेहऱ्यावरून तिकडे जाते, म्हणून शिरोरेषा अक्षरांच्या उभ्या दांड्यांपेक्षा पातळ ठेवा. जन्माचं साल १५१८ की १५१९ यावर एकमत नाही, मृत्यू ३१ मे १५९४ चा. मी तरी एवढंच लिहीन: याकोपो तिंतोरेत्तो, व्हेनिस, मृ. १५९४. तुमची सही आणि साल खाली उजव्या कोपऱ्यात, त्याहून एक टोन गडद.